न उतरलेला माणूस

आमच्या धंद्यात काम उत्तम झालं की दाखवायला काहीच उरत नाही. पूल बांधणारा पूल दाखवतो, शिक्षिका आपले विद्यार्थी दाखवते. मी काय दाखवू? न फुटलेला डोळा, न कापलेलं बोट, संध्याकाळी नेहमीसारखा घरी गेलेला माणूस. लखनौच्या रस्त्यांखालून फायबरची केबल टाकणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत मी सुरक्षा अधिकारी होते. नुकतीच निवृत्त झाले. कामगार मला 'मना करने वाली मैडम' म्हणायचे. तोंडावर नाही, पण मला ऐकू येईल अशा बेताने.

आम्ही मूळचे सांगलीचे. नवऱ्याची हवाई दलातली नोकरी, त्यामुळे बिऱ्हाड कायम पाठीवर. शेवटची बदली लखनौला झाली आणि इथेच, इंदिरा नगरमध्ये, मुक्काम पडला. औद्योगिक सुरक्षेचा माझा डिप्लोमा तोवर ट्रंकेत कपड्यांखाली पडून होता. तो झटकून मी नोकरी धरली तेव्हा आमचे चिरंजीव म्हणाले, "आई, तुम रोड पे खड़ी रहोगी? हेलमेट पहन के?" त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. मी म्हटलं, हो, हेल्मेट घालून, आणि तूही स्कूटरवर घालत जा.

फायबर म्हणजे काच. केसाइतकी बारीक काचेची तार, तिच्यातून उजेड धावतो आणि त्या उजेडावर स्वार होऊन तुमचा फोन, तुमची बँक, तुमच्या नातवाचं कार्टून घरात येतं. विजेचा झटका बसत नाही म्हणून लोकांना हे काम फार सोपं वाटतं. पण काच ती काच. केबल सोलून जोडताना तिचे जे तुकडे उडतात ते डोळ्यांना दिसत नाहीत, कातडीत शिरले की मात्र चांगले कळतात. म्हणून जोडणीच्या टेबलावर काळं कापड अंथरायचं, प्रत्येक तुकडा चिकटपट्टीवर टिपून डबीत टाकायचा आणि तिथे बसून काहीही खायचं नाही, असा माझा नियम होता.

आता नियम करणारी मी सांगलीची आणि पाळणारे अवधचे. आमचा एक जॉइंटर, म्हणजे केबलची जोडणी करणारा कारागीर, गाल सुजवून आला. "मैडम, दाँत का दर्द है." दाताच्या डॉक्टरांना दातात काही सापडेना. मी त्याला गाडीच्या मागच्या अंधारात बसवून त्याच्या तळहातावर टॉर्च तिरका धरला. तळहात चमचमला. खैनी! डाव्या तळव्यावर तंबाखू आणि चुना घ्यायचा, उजव्या अंगठ्याने मळायचा, थापटी मारून ओठाआड सारायचा. काम करता करता गडी तंबाखूबरोबर काचही मळत होता. "अरे बाप रे, हम तो शीशा खा रहे थे!" असं म्हणून तो स्वतःच हसत सुटला. मी ठणकावून सांगितलं, टेबलापाशी खैनी बंद. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहते तो नियमाचं काटेकोर पालन चाललेलं. जॉइंटर टेबलाला हात न लावता तोंड उघडून बसलाय आणि ड्रायव्हर आपल्या स्वच्छ हातावर मळलेली खैनी त्याच्या ओठात भरवतोय. मी कपाळावर हात मारला, पण त्या दिवसापासून कुणाची हिरडी सुजली नाही हेही खरं.

ग्राहकांच्या तऱ्हा वेगळ्या. जानकीपुरममध्ये एक निवृत्त गृहस्थ होते. फार अदबशीर, चहाशिवाय उठू द्यायचे नाहीत. त्यांचा हट्ट एकच: "इतनी तारीफ़ सुनी है, ज़रा रोशनी दिखाइए तो." आणि तारेचं टोक थेट डोळ्याला लावायला निघाले. त्या तारेतला उजेड माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही. न दिसता तो डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा करू शकतो. मी एवढ्या जोरात "नको!" म्हणून किंचाळले की मराठीच बाहेर आली. ते दचकले, तार खाली ठेवली आणि बाकीची दुपार आपल्या पत्नीला 'नको' म्हणजे काय ते समजावत बसले.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. माझी झोप उडवायचं ते चेंबर.

चेंबर म्हणजे रस्त्याखालची काँक्रीटची खोली, वर लोखंडी झाकण. दोन बाजूंच्या केबली तिथे भेटतात, त्यांचा सांधा भिंतीला टांगलेला असतो. काही बिघडलं की तो सांधा वर आणून टेबलावर दुरुस्त करायचा, पण तो वर आणायला कुणाला तरी शिडीने खाली जावं लागतं. खाली गाळ, सडलेलं पाणी, कुठूनतरी झिरपलेला वायू. वरून विहिरीसारखं निवांत दिसतं आणि आत शिरलेला माणूस दोन श्वासांत कोसळू शकतो. आणि अशा जागी बळी जातो तो बरेचदा पहिल्या माणसाचा एकट्याचा नाही. त्याला वाचवायला जो धावत खाली उतरतो तोही जातो, आणि त्याच्यामागचाही. कारण हवा तीच असते.

म्हणून प्रत्येक चेंबरवर एक वरचा माणूस असतो. खालच्याच्या अंगावर पट्टे, पट्ट्यांना दोर, दोर वरच्या तिपाईवरच्या हातचक्रातून गेलेला. वरच्याने दोरावर हात ठेवून उभं राहायचं. मधूनमधून एक हिसका द्यायचा. खालून उलट हिसका आला की समजायचं, ठीक आहे. आला नाही तर चक्र फिरवून माणूस वर ओढायचा. काहीही झालं तरी स्वतः खाली उतरायचं नाही.

कागदावर हे सरळ आहे. पण आमच्या टोळ्या बनायच्या गावावरून. काका-पुतणे, साडू, मेव्हणे, सख्खे भाऊ. एकाने दुसऱ्याला बोलावून आणायचं, हीच इथली भरतीची पद्धत. नात्यातली माणसं एका चेंबरवर ठेवायची नाहीत असं ठरवलं तर काम बंद पडेल. म्हणजे मी कुणा परक्याला सांगत नव्हते. तुझा भाऊ खाली पडला तरी तू वरच उभा राहा, असं भावालाच सांगत होते. म्हणून मी एक रीत पाडली. झाकण उघडण्याआधी वरच्या माणसाने सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणायचं, "हम नीचे नहीं आएँगे." आणि खाली जाणाऱ्याने उत्तर द्यायचं, "मत आना." सुरुवातीला सगळे खिदळायचे. लग्नातल्या नवरा-नवरीसारखे लाजायचेसुद्धा. पण म्हणायचे.

रामकुमार आणि दिनेश हे असेच सख्खे भाऊ. रायबरेली रस्त्याकडच्या एका खेड्यातले; तेलीबागेत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचे. थोरला रामकुमार जॉइंटर, कामाला चोख आणि बोलायला मोकळा. धाकटा दिनेश अबोल, पण त्याची पाठ दगडासारखी भक्कम. आई लहानपणीच गेलेली. रामकुमारची बायको सुमन नवी नवरी म्हणून त्या घरात आली तेव्हा दिनेश शाळकरी होता. तिनेच त्याला जेवूखाऊ घालून मोठा केला. तो तिला भाभी म्हणायचा, पण तिच्यासमोर मान वर करून बोलायचा नाही.

लखनौत ज्येष्ठातल्या मंगळवारांना 'बड़ा मंगल' म्हणतात. हनुमानाचा दिवस. उन्हाने डांबर वितळत असतं आणि चौकाचौकांत भंडारे लागलेले असतात. पुरी, आलूची सब्जी, बुंदी, थंड सरबत. येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात धरून वाढतात. जात, धर्म, हुद्दा कुणी विचारत नाही. मला हे शहर सर्वांत जास्त आवडतं ते त्या दिवशी. तशाच एका मंगळवारी सकाळी कुणाच्या तरी खोदकामात इंदिरा नगरमधली केबल तुटली आणि एका मोठ्या दवाखान्याची लाइन गेली. काम टाळण्यासारखं नव्हतं. आम्ही चेंबर गाठलं.

टोळीने सगळं रीतसर केलं. वायू मोजला, हवा चांगली होती. ताजी हवा आत सोडणारा पंखा लावला. त्याला वीज देणारा आमचा जनरेटर आम्ही रस्त्यापलीकडे, लांब ठेवला, कारण जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस खोकतही नाही, नुसता गुंगत जातो. दोघा भावांनी आपापली वाक्यं म्हटली आणि रामकुमार उतरला.

त्यानंतर शेजारी भंडारा सुरू झाला. भंडाऱ्याचे प्रमुख मिश्राजी, कॉलनीतले मोठे हौशी गृहस्थ. "मैडम, पहले प्रसाद, फिर काम." लाउडस्पीकरवर भजनं दणाणत होती. खाली रामकुमारच्या कमरेला वायूची सूचना देणारं यंत्र होतं, पण ते किंचाळलं तरी या गोंगाटात कुणाला ऐकू येणार? म्हणून मी मिश्राजींकडे आवाज कमी करा असं सांगायला गेले. त्यांनी आधी माझ्या हातात पुरीचा द्रोण दिला. तेवढ्यात त्यांच्या पोरांनी लाउडस्पीकरचा जनरेटर उन्हातून उचलून कडुनिंबाच्या सावलीत नेला. सावली नेमकी आमच्या पंख्याच्या मागे होती. पंखा तो धूर ओढून इमानेइतबारे चेंबरमध्ये भरू लागला. कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. यंत्र तापतंय, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

दिनेशने दोराला हिसका दिला. खालून उत्तर आलं नाही. पुन्हा दिला. नाही.

मला पहिली ऐकू आली ती त्याची हाक. "मैडम!" त्या अबोल माणसाचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी द्रोण टाकून पळाले. काळसर धूर पंख्याकडे वळताना दिसला तशी आधी जाऊन तो जनरेटर बंद केला. भजन अर्ध्यात थांबलं आणि त्या शांततेत खालच्या यंत्राची किंकाळी सगळ्यांना ऐकू आली. रस्ता क्षणात माणसांनी भरला. दिनेश चक्र फिरवत होता. खाली त्याचा भाऊ मान टाकून पडलेला वरून स्पष्ट दिसत होता.

लोक भले होते, तीच तर भीती होती. "अरे कूदो कोई!" "भाई है इसका? और खड़ा है?" लाल गमछा घेतलेला एक धिप्पाड तरुण पाय आत सोडून बसलासुद्धा. दिनेशने चक्राचा दांडा एका हाताने धरून त्याला खांद्याने मागे लोटलं आणि आपला पाय चेंबरच्या तोंडावर आडवा टाकला. "कोई नीचे नहीं जाएगा! एक भी नहीं!" कुणीतरी मागून त्याच्या कानाखाली वाजवली. त्याने वळूनही पाहिलं नाही. मी हात पसरून गर्दी मागे रेटत होते.

रामकुमार निम्म्यापर्यंत वर आला आणि अडकला. पाठीचा पट्टा भिंतीतल्या लोखंडी खुंटीत गुंतला होता. चक्र फिरेना. जोर लावला असता तर पट्टा तुटून सगळंच संपलं असतं. आता करण्यासारखं एकच होतं, दोर सैल सोडायचा. बेशुद्ध भावाला पुन्हा त्याच विषात खाली जाऊ द्यायचं, दोर हलवून पट्टा खुंटीतून सोडवायचा आणि मग ओढायचं. हे सगळं वरूनच. मी दिनेशचा चेहरा पाहिला. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्याने चक्र उलटं फिरवलं. रामकुमार खाली गेला तशी गर्दीतून बायकांची किंकाळी उठली. "छोड़ दिया! अपने भाई को छोड़ दिया!"

पट्टा सुटला. दिनेशने ओढलं. रामकुमार वर आला, काळजी वाटावी इतका गुलाबी, कारण तो वायू माणसाला तसा रंग देतो. गाडीतला प्राणवायू लावला, दवाखान्याची गाडी आली. मिश्राजी चपला न घालताच तिच्यात चढले आणि रामकुमार शुद्धीवर येईपर्यंत दवाखान्यातून हलले नाहीत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण गर्दीत कुणीतरी फोन धरला होता.

त्या संध्याकाळी माझा मुलगा म्हणाला, "आई, ये देखो. कैसे-कैसे लोग होते हैं यार. इसको तो जेल होनी चाहिए." व्हिडिओत लाल गमछावाला उतरायला निघालेला दिसतो, दिनेश त्याला ढकलताना दिसतो आणि मग दोर सैल सोडताना दिसतो. पुढचं नाही. रामकुमार वर आलेला त्यात नाही. मी मुलाला सगळं सांगितलं. तो व्हिडिओ पुन्हा लावून बघत म्हणाला, "पर ये कोई नहीं मानेगा." बरोबर होतं त्याचं.

सुमनने मानलं नाही. गावाकडून सासऱ्यांचा निरोप आला, त्या पोराला दारात उभं करू नका. रामकुमार शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "दिनेश ने ठीक किया." पण त्याला स्वतःला काहीच आठवत नव्हतं, आणि भावाला पाठीशी घालतोय असंच बायकोला वाटलं. तिने दिनेशची पथारी दाराबाहेर ठेवली. तो कंपनीच्या गोदामात केबलच्या रिळांमध्ये झोपू लागला. कामावर येत होता, कुणाशी बोलत नव्हता. गावची माणसं त्याच्या शेजारी जेवायला बसेनात.

मला राहवेना. ज्याने माझा शब्द पाळला त्याचीच ही गत! मी तेलीबागेत गेले. सुमनने पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून समोर उभी राहिली. मी वायू समजावला, धूर समजावला, दुसरा माणूस उतरला असता तर काय झालं असतं ते समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मैडम, आपका बेटा नीचे होता, तो आप खड़ी रहतीं?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "नहीं सुमन. मैं कूद जाती. और हम दोनों मर जाते."

 ती हळूच म्हणाली, "आप कूद जातीं. यही तो हम कह रहे हैं. मन में प्यार हो तो आदमी कूद जाता है. इसका मन ही नहीं हुआ."  मी चहाही न घेता परत आले.

रामकुमार बरा झाला. मी त्याला टेबलावरचंच काम देऊ केलं, पण हाडाचा कारागीर, त्याला चेंबरवर यायचं होतं. तो रुजू होण्याच्या आदल्या दिवशी सुमन आमच्या ऑफिसात आली. मी दिनेशलाही बोलावून घेतलं. तो दाराशी येऊन उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, बोलली ती माझ्याशीच.

"मैडम, ये तो मानेंगे नहीं, जाएँगे ही. तो एक बात हमारी भी रख लीजिए. ऊपर दिनेश रहे. और कोई नहीं."

मी चकित झाले. "तुम्ही तर..." माझी पुन्हा मराठी निघाली. "तुम तो उससे नाराज़ हो."

"नाराज़ हैं. पर हमने वो वीडियो बहुत बार देखा है. सब चिल्ला रहे हैं, सब भाग रहे हैं. एक इसी का हाथ नहीं काँप रहा."

मी दिनेशकडे पाहिलं. मला वाटलं, सुटला बिचारा. पण त्याने मान हलवली.

"भाभी, हमसे दोबारा नहीं होगा."

"क्यों?"

तो खाली बघतच म्हणाला, "हमको नीचे भेज दीजिए मैडम, जितना कहिए उतना. ऊपर नहीं. दोबारा नहीं हो पाएगा."

सुमन प्रथमच त्याच्याकडे वळली. बराच वेळ तिने त्याला निरखलं. तो वाळला होता, डोळे खोल गेले होते. तिने विचारलं तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"उस दिन मन हुआ था? कूदने का?"

दिनेशने मान वर केली. 

"रोज़ कूदते हैं, भाभी. आँख लगते ही कूद जाते हैं."

सुमनने तोंडावर पदर घेतला. मग पुढे होऊन, तो लहान असताना ठेवत असेल तसा, तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चलो. घर चलो."